आनेकलच्या गिरणीचं स्थळ

कारखान्यात माझं कामच असं होतं, की कुठलंही इंजिन दिसलं की ते कशानं बंद पडेल हेच आधी सुचायचं. तेल महागलं तर कोणता विभाग तग धरेल, पिंपं वेळेवर आली नाहीत तर कुठलं काम अडेल, याचे अहवाल मी साहेबांना द्यायचो आणि शाबासकी मिळवायचो. तेच डोकं घेऊन मी धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला बंगळूरहून आनेकलला गेलो, याची मला आजही लाज वाटते.

मुलाची नाचणी दळायची गिरणी होती. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्याची आई आम्हाला "स्वल्प कॉफी तरी घ्या" म्हणून आग्रह करत होती. मुलगा आधी आमच्या घरी येऊन बहिणीला पाहून गेला होता. तो गेल्यावर तिनं आईला विचारलं होतं, माहेरी यायला आनेकलहून शेवटची बस किती वाजता सुटते. मी ते ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

वडील बैठकीत टेकले आणि मला म्हणाले, "तू धंदा बघून घे." मुलानं हँडल मारून मोठ्या कौतुकानं डिझेलचं इंजिन चालू करून दाखवलं. मी लगेच उलटतपासणी सुरू केली. दळणाचे पैसे मिळतात त्यातले तेलात किती जातात? पिंप आलं नाही तर काय? विजेवर का चालवत नाही?

"वीज गावात आलीय, अण्णा, पण गिरणीला अजून देत नाहीत," तो म्हणाला. "निम्मं तेलातच जातं."

"मग तेल महागलं तर दळणाचा दर वाढवाल?"

"दर स्वल्प वाढवला तरी अक्का लोक घरी जात्यावर दळतात." आणि तो मोकळेपणानं हसला.

त्यानं काही म्हणजे काही लपवलं नाही. दुसरा असता तर चार थापा मारून मोकळा झाला असता. परतीच्या बसमध्ये मी वडिलांना सांगितलं, "सगळा डोलारा तेलावर आहे. तेल भडकलं की हे बसले." वडील म्हणाले, "तू इंजिनिअर. तू म्हणशील तसं." नकार कळवताना आम्ही रिवाजाप्रमाणे सगळं पत्रिकेवर ढकललं. पत्रिका तर आधीच जुळली होती, आणि हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. त्यांनी एका शब्दानं जाब विचारला नाही. बहिणीनंही नाही.

पुढं तिचं लग्न पक्क्या नोकरीतल्या माणसाशी झालं. माणूस वाईट नाही. तेलाच्या भावानं त्याच्या पगाराला धक्का लागणार नव्हता, आणि मी स्वतःवर खूश होतो.

काही वर्षांनी डिझेल खरंच महागलं आणि ती गिरणी बंद झाल्याचं कानावर आलं. बहीण तेव्हा माहेरपणाला आली होती, स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत बसली होती. मला राहवलं नाही. "बघ, मी म्हणालो होतो ना!"

तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"बंद पडल्यावर आम्ही दोघांनी दुसरं काहीतरी केलं असतं, दादा," ती म्हणाली. "त्यांना तू इतके प्रश्न विचारलेस. मला एक तरी विचारायचा होतास."