अण्णांचा उतारा बंद झालाय

दत्तू, तो बॅनर आजच्या आज उतरव.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरात सांगून घसा कोरडा पडला माझा.

बाकीच्यांसाठी सांगते. आज माझ्या वडिलांचा, अण्णांचा, दहावा होता. दत्तू म्हणजे माझा चुलतभाऊ. त्यानं आमच्या दारात अण्णांचा हार घातलेला फोटो लावलाय आणि खाली मोठ्या अक्षरात छापलंय, "कुत्रं चावल्यावर उतारा मिळेल. अण्णांची सेवा पुढे चालू."

सेवा म्हणे!

ती सेवा अण्णांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती. अख्ख्या गावाला माहीत आहे.

आमची मेंढरं होती. इतर दिवशी अण्णा रानात, पण रविवारी घरीच. रविवारी आमच्या ओट्यावर कुत्रं चावलेली माणसं बसलेली असायची. लिंबागणेशकडची, पार उमापूरची. अण्णा पाला वाटून पाजायचे, दंडाला काळा दोरा बांधायचे आणि पथ्य सांगायचे. आंबट खायचं नाही. नदी ओलांडायची नाही.

आणि सुई घ्यायची नाही. सुईनं उतारा फिका पडतो.

लबाडी नव्हती हो त्यात. आजोबांकडून आलेलं, मनापासून मानायचे. कुणाचा नारळसुद्धा घेतला नाही कधी.

मग भीमाकाकांना कुत्रं चावलं.

भीमाकाका म्हणजे अण्णांचा जिवाभावाचा माणूस. दोघं एका ताटात जेवायचे, एकत्र मेंढरं राखायचे. अण्णांनी उतारा दिला. काकांनी पथ्य असं पाळलं की विचारू नका. सुईच्या वाटेला गेले नाहीत.

पुढं काही आठवड्यांनी काकूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर किंचाळायला लागले.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पण आता कुणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं. अण्णा शेवटपर्यंत तिथंच होते. जे बघायचं ते सगळं त्यांनी बघितलं.

काकांना पोचवून घरी आले. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघत बसायचे.

मग एका रविवारी ओट्यावर आले आणि बसलेल्या माणसांना म्हणाले,

"उठा. दवाखान्यात जावा. माज्याजवळ काय न्हाई."

एक म्हातारा रडकुंडीला आला. "आसं कावून म्हन्ता अण्णा? माजं पोरगं तुमीच वाचवलं न्हवं?"

"तुज्या पोराला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, बाबा. म्हून वाचलं ते. भीमाला चावलेलं पिसाळलेलं हुतं."

एवढंच. पण एवढं बोलायला त्या माणसाला स्वतःचा सगळा जन्म चुकीचा म्हणावा लागला. वर बापाचाही.

आणि तुम्ही काय केलंत रे गावकऱ्यांनो?

"अण्णाची विद्या गेली." "शिकलेल्या लेकीनं फितवलं." रामराम घालायचा बंद केलात! दत्तू, पारावर बसून तू म्हणालास, "म्हातारा चळलाय." मला सगळं कळलंय.

अण्णा मात्र रविवारी ओट्यावर बसतच राहिले. शेजारी साबणाची वडी. कुणी आलं की म्हणायचे, "आदी जखम धू. चांगली खळखळून धू. मंग चल." आणि स्वतः एसटीत बसवून दवाखान्यात न्यायचे.

मी एकदा म्हणाले, "अण्णा, लोक नावं ठेवतात. सोडा ना आता."

"कावून सोडू? भीमाला म्या मारलंय, बाई."

आहे का कुणाची छाती असं बोलायची? तुमच्या स्टेटसवर आज "आमचे दैवत" लिहिलंय ना, त्यातल्या एकाची तरी?

आज नदीवर पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून होता, खाली उतरेना. सगळे म्हणायला लागले, अण्णांचं कशात तरी मन अडकलंय. तर हा दत्तू हात जोडून पुढं.

"काका, उतारा मी चालवीन! शब्द देतो!"

माझं डोकंच फिरलं.

"अरे, मेलेल्या माणसाला तरी स्वतःच्या मतानं जाऊ दे की!"

"ताई, गप. हितं वरडू नको," मागून कुणीतरी म्हणालं.

मी मागं वळले, तर गर्दीच्या कडेला एक बाई उभी. हाताला पदर गुंडाळलेला, रक्त सुकलेलं. काल संध्याकाळी कुत्रं चावलं होतं. दारातला बॅनर वाचून नवरा तिला नदीवर घेऊन आला होता.

मी विचारलं, "सुई घेतली का?"

"न्हाई ना माय. सुईनं उतारा फिका पडतो म्हन्तेत."

माझ्या बापाचं वाक्य. त्यानं जन्मभर सांगितलेलं आणि मग जीव तोडून मागं घेतलेलं. ते मागं घेतलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

हाताला धरून मी तिला गावातल्या हापशावर नेलं. साबण लावून हात धुतला. अण्णा धुवायला लावायचे तसाच.

नवरा तापला. "आमी अण्णांच्या नावावर आलो हाव!"

"मी अण्णांचीच लेक हाय. बसा गाडीत."

सरकारी दवाखान्याच्या लाईनीत होते तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, तू गेलीस आणि कावळा शिवला."

मी या कावळ्याबिवळ्याला मानत नाही. तरी त्या लाईनीत उभी राहून हमसून हमसून रडले. ती बाईच मला पाणी देत होती.

आता दत्तू सांगत फिरतोय, त्याच्या शब्दामुळं शिवला. सांगू दे. बॅनर मात्र मी आल्यावर दिसला, तर गावादेखत फाडीन.

आणि हे वाचणाऱ्यांनो, कुत्रं चावलं तर जखम साबणानं भरपूर वेळ धुवा आणि थेट दवाखाना गाठा. आमच्या ओट्यावर येऊ नका.

अण्णा, तुमच्या दहाव्याचं जेवण राहिलं माझं. त्या बाईला सुई मिळाली. पुढच्या डोसला पण मीच नेणार आहे.

आता निवांत जा. भीमाकाका भेटले तर तेवढं सांगा त्यांना.