गिरजाक्कांना शिकवलेलं इंग्रजी

परवा भाची आली होती. मॅट्रिक झाली, आता पुढे काय? जळगावातच कॉलेज निघालंय, तिथे जावं की पुण्याला, एवढंच तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. "मावशी, तू पुण्याच्या मोठ्या कॉलेजातली. खरंच फरक पडतो का गं?" मी काहीतरी गुळगुळीत बोलले आणि तिला पोहे दिले. मला जे ठाऊक आहे ते सांगितलं नाही. ते मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवासमोर बसूनसुद्धा मनातल्या मनात नीट उच्चारलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही — तुमच्यासमोर कदाचित जमेल.

तसं पाहिलं तर यातली निम्मी गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. भुसावळला रेल्वेच्या साहेबांच्या बायका चहाला बोलवायच्या, तिथे तर हटकून सांगायचे. बायका डोळ्यांतलं पाणी पुसत हसायच्या. राहिलेली निम्मी मात्र माझ्यापाशीच राहिली.

मी धुळ्याची. वडील कोर्टात कारकून. त्या काळी मुलीला पुण्याला कॉलेजात घालणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. चार वर्षांत मी काय शिकले? नऊवारी सोडून पाचवारी नेसायला शिकले, चमच्याने खायला शिकले. वर्गात मागच्या बाकावर बसायचे. बी. ए.ला एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा थर्ड क्लास मिळाला. पण जळगावला मुलींच्या शाळेत नोकरीला आले तेव्हा हे कोणी विचारलं नाही. कॉलेजचं नाव ऐकलं आणि कमिटीच्या वकीलसाहेबांनी उठून मला खुर्ची दिली. शाळेत इंग्रजी येणारी मी एकटीच होते.

गिरजाक्का तिथे माझ्याआधी चौदा वर्षं होत्या. सावद्याकडच्या शेतकरी घरातल्या, लवकर विधवा झालेल्या. मराठी सातवी करून धुळ्याच्या ट्रेनिंगच्या वर्गातून शिक्षिका झालेल्या. इंग्रजीची मुळाक्षरं आणि दहा-पाच शब्द, त्यापुढे काही नाही. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या, पण जरा आनंद झाला की सावद्याची बोली बाहेर यायची, आणि मुलींना तेच आवडायचं.

आणि शिकवायच्या कशा! माझा आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एक लाकडी पडदा होता. पलीकडे त्या भूमिती शिकवत असल्या की मी अलीकडे मुलींना शुद्धलेखन घालून ऐकत बसायचे. मला कॉलेजात जे कळलं नाही ते मला त्या पडद्याआडून कळलं. हेही मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

एकदा अक्का मुलींना घेऊन मेहरूणच्या तलावावर गेल्या. मी बरोबर होते. चार काठ्या, एक सुंभाची दोरी. पलीकडच्या काठावरचं एक झाड धरून, पाण्यात पाऊल न टाकता, त्यांनी मुलींकडून तलावाची रुंदी काढून घेतली. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. अक्का हरखून माझ्याकडे वळल्या. "बाई, आमी याले नुसतं काठीचं गणित म्हनतो. तुमच्या कॉलेजात याले काय नाव हाये?"

मला माहीत नव्हतं. चाळीस मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "कॉलेजात असल्या बाळबोध गोष्टी नसतात." मुली काठ्या गोळा करायला लागल्या. अक्कांनी मात्र मान हलवली — "बरोबर हाये, तिथं मोठंमोठं असंल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी त्यांना सोडून दिलं असतं का? कोण जाणे.

पुढच्या वर्षी आमच्या मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी कोण? कमिटीत दोन मतं पडली. वकीलसाहेब अक्कांच्या बाजूचे होते. मुली शिकतात त्यांच्या हाताखाली, मग कॉलेज काय चाटायचंय, असं ते उघड म्हणाले. बाकीचे म्हणाले, इन्स्पेक्शनला मडम येते तेव्हा तिच्याशी बोलणार कोण? शेवटी ठरलं की या खेपेला मडमचं स्वागत गिरजाक्कांनी करावं. चार वाक्यं इंग्रजीत बोलल्या तरी पुरे, पुढचं पुढे.

अक्का माझ्याकडेच आल्या. दुसरीकडे कुठे जाणार?

मी हो म्हटलं. आनंदाने म्हटलं. भाषण मी लिहिलं, आणि त्यांना वाचता यावं म्हणून देवनागरीत उतरवून दिलं. तीन आठवडे शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बसायचो. मी एक वाक्य म्हणायचे, त्या दहादा म्हणायच्या. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, की आम्ही खानदेशच्या कन्या विद्येचा मान राखतो. खरं इंग्रजी — वुई, द डॉटर्स ऑफ खानदेश, ऑनर नॉलेज.

मी त्यांना शिकवलं — वुई, द डॉगटर्स ऑफ खानदेश, होनर क्नॉलेज.

सांगून टाकलं. हीच ती दुसरी निम्मी.

चूक नव्हती ती. घरी बसून, स्पेलिंग समोर ठेवून, कुठलं मुकं अक्षर बोलतं केलं की जास्त हसू येईल, हे मी शोधून काढलं होतं. अक्कांना एक शंका आली. "बाई, डॉग म्हंजे कुत्रं ना?" मी स्पेलिंग काढून दाखवलं, डी ए यू जी, हे बघा, जी आहे की नाही? त्यांनी बोट ठेवून अक्षर पाहिलं. "तुमी कॉलेजातल्या. तुमाले ठाऊक," म्हणाल्या, आणि पुन्हा घोकायला लागल्या.

मडम आली. अक्का हिरवं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत. एक अक्षर विसरल्या नाहीत. डॉगटर्सला मडमच्या कपाळावर आठी पडली. होनरला तिने रुमाल तोंडाला लावला. तिच्या हसण्याने कमिटीतले दोघे-तिघे हसले, मग वकीलसाहेबही. मोठी माणसं हसतात म्हणून मुली हसल्या — अक्कांच्याच मुली. आणि अक्कांना काय वाटलं? मडमला आवडलं असं वाटलं. त्याही हसल्या, आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.

मग मी उठले आणि आभार मानले. माझं इंग्रजी त्या दिवशी फार छान झालं.

महिन्याभरात मी मोठ्या बाई झाले.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. चिडलेल्या नव्हत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की आपलं काहीतरी चुकलं. "कुठं चुकलं ते सांगा बाई. तुमी इतकं शिकवलं, अन् मीच माती केली." मी म्हटलं, तुम्ही घाबरलात, उच्चार इकडेतिकडे झाले. तर म्हणाल्या, "मले अजून एकडाव शिकवा. भाषनासाठी नाही. आपलं मले येवाले पाहिजे म्हनून."

तेव्हा तरी मी बरोबर शिकवायला हवं होतं, नाही का? पद तर मिळालं होतं. आता मला काय हवं होतं? मी त्यांना समोर बसवलं आणि तेच पुन्हा शिकवलं. डॉगटर्स. होनर. क्नॉलेज. त्यांनी घोकलं.

वर्षभराने माझ्या रिपोर्टावरून त्यांच्याकडचे वरचे वर्ग गेले. बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, मुलींना अक्षरं गिरवायला लावायची, एवढंच काम उरलं. मग त्या स्वतःच राजीनामा देऊन गावी गेल्या. तिथे मुलींची शाळा नव्हती, ती त्यांनी काढली, असं कानावर आलं. मी भुसावळच्या चहापानात डॉगटर्सची गोष्ट सांगत राहिले. अक्कांचा आवाज मला हुबेहूब काढता यायचा.

आठेक वर्षांनी एक शेतकरी मुलीला घेऊन शाळेत आला. मुलगी बारा-तेरा वर्षांची, अनवाणी, डोळे धीट. हातात अक्कांची चिठ्ठी. हिची गणिताची बुद्धी माझ्या पलीकडे गेली आहे, इंग्रजी मला आलं नाही ते हिला तुम्ही द्या, तुमच्यासारखी पुण्याच्या कॉलेजात जाईल असं करा — अशा चार ओळी, वळणदार अक्षरात.

मी तिला फळ्यावर एक गणित घातलं. मॅट्रिकच्या मुलींनाही अवघड जाईल असं. तिने ते सोडवलं, आणि माझी रीत लांबची आहे म्हणून दुसरी जवळची करून दाखवली. मी फळा पुसला. सहा महिन्यांत सगळं गाव विचारेल, ही कुणाच्या हाताखालची? हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, जागा नाही.

बाप हात जोडून उभा राहिला. "मोठ्या बाई, बाकावर नसली जागा तं खाली बसंल पोरगी. सतरंजी मी घरून आनतो."

नियमात बसत नाही, असं मी सांगितलं. असा नियम नव्हता. त्या वर्गात सात जागा रिकाम्या होत्या. मुलगी माझ्या पाया पडली आणि बापाच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली.

अक्कांच्या चिठ्ठीला मी त्याच दिवशी उत्तर दिलं. मुलीचा पाया कच्चा आहे, कॉलेजपर्यंत पोचण्यासारखी ती नाही, तिच्यावर वेळ घालवू नये, असं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. त्यांच्या गावात इंग्रजी वाचणारा एकच माणूस होता, तलाठी, आणि चावडीवर चार माणसांत बसून तो पत्र मोठ्याने वाचून अर्थ सांगतो, हे मला ठाऊक होतं.