वेताळाची आतली बाजू

नाशिक रोडला गाडी आली तेव्हा डब्यातून आधी एक भलीमोठी पिवळी बॅग उतरली आणि तिच्यामागून कापिंगा. काँगोची अभिनेत्री, आता निर्मातीही. मी पुण्यात फ्रेंच शिकवते, म्हणून चार दिवसांसाठी मला तिची दुभाषी नेमलं होतं. नटी म्हणजे नखरे असणार, असं मी मनाशी धरूनच आले होते. बाईसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

मिलिंद, आमचा नाशिकचा कॅमेरामन, स्वतःची जीप घेऊन आला होता. त्याने आम्हाला सरळ मिसळ खायला नेलं. तर्री लालजर्द होती. मी पाण्याचे ग्लास रिचवत होते आणि कापिंगा शांतपणे म्हणाली, ‘‘आणखी थोडा रस्सा मिळेल का?’’ मालक इतके खूश झाले, की वाढायला स्वतः आले.

‘‘कुठल्या म्हणायच्या ह्या?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘काँगोच्या. आफ्रिका.’’

‘‘असं होय! मग तिखटाचं काय टेन्शन नाही,’’ म्हणून त्यांनी पापडही ठेवला.

पेठचा रस्ता धरला. सावळघाटात मला गाडी लागते, तशी ती लागलीच. मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि कापिंगा तिची हकिकत सांगत राहिली. लहानपणी चर्चच्या अंगणात नाटकं केली. मग किन्शासाच्या टीव्हीवर एक मालिका मिळाली. त्यात ती भावजयीला विष घालणारी नणंद होती. बाजारात मासेवाल्या बायका तिला मासे देईनात. ‘‘म्हणायच्या, आधी त्या बिचारीची माफी माग!’’ पुढे ती युरोपात गेली. तिथे सगळ्या भूमिका मोलकरणीच्या. ट्रे आणायचा, ट्रे न्यायचा. शेवटी एक दिवस तिने ठरवलं, की आता सिनेमा आपण काढायचा आणि ट्रे दुसऱ्या कुणीतरी आणायचा.

आत्ताचा सिनेमा तिच्या आजोबांवर होता. ते गावात मुखवटा घालून नाचायचे. तिकडच्या रीतीप्रमाणे ढोल वाजला की बायकामुलींनी घरात पळायचं, दार लावायचं. तिने आजोबांचा ढोल ऐकला, नाच कधीच पाहिला नाही. पुढे तो मुखवटा विकला गेला. तसलाच एक तिला युरोपातल्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत दिसला. ‘‘पुढून सगळे दाखवतात गं,’’ ती म्हणाली. ‘‘मला आतली बाजू हवी. जिथे माणसाचा घाम लागतो ती. माझ्या सिनेमाचा शेवट तिथे आहे.’’ संग्रहालयाने पेटी उघडायला नकार दिला होता. मग कुणीतरी तिला पेठकडच्या बोहाड्याचं (मुखवट्यांचा गावउत्सव) चित्रण दाखवलं आणि ती इथे आली. बाकी सिनेमा तयार होता. हा शेवट मिळाला नाही, तर तो तसाच बिनशेवटाचा राहणार होता.

करंजाळीला चहा घेतला तेव्हा कुठे माझा जीव थाऱ्यावर आला. पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर पोहोचलो. भाताची खाचरं कोरडी पडली होती, झाडांखाली मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका आमच्याकडे टकामका बघत होत्या. होळी जवळ आली होती आणि गोविंदबाबांच्या ओटीवर सोंगं रंगवायला मांडली होती. सोंग म्हणजे मुखवटा, आणि तो घालून नाचणारा माणूसही. गोविंदबाबा ती सांभाळतात.

माझं लांबलचक भाषण त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘फोटू काढा, आमचं काय नाय. एकच हाय ताई. तोंडाला लावायचं नाय. तोंडाला लावलं का सोंग उभं राहिलं. मंग त्याला शिवेवरच्या वाघदेवापावत नाचवत न्यायला आन् परत आणायला लागतं. मधीच काढता येत नाय.’’

मी शब्दनशब्द सांगितलं. कापिंगाने तीनदा मान हलवली.

बाबांच्या बायकोने, चिमणाबाईंनी, आधी जेवायला बसवलं. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. कापिंगाने भाकरीचा तुकडा बोटांनी मळून गोळा केला, आमटीत बुडवला आणि गिळला. तिच्या घरी असंच खातात म्हणे. चिमणाबाई मला म्हणाल्या, ‘‘तुझ्यापरीस ही बरी जेवती.’’ मी लगेच आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

सगळी सोंगं ताज्या रंगाने चमकत होती, एक मात्र कोपऱ्यात तसंच पडलं होतं. मोठं, जड, रंगाचे पोपडे सुटलेलं.

‘‘त्यो येताळ,’’ बाबा म्हणाले. ‘‘माझा बाप नाचवायचा, मंग मी. आता गुडघं गेलं. पोरगा द्राक्षाच्या मळ्यात कामाला, त्याला नाद नाय. औंदा हा उभा राह्याचा नाय, मंग रंगवून काय करू?’’ हे त्यांनी पोपडे खरवडत सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

कापिंगाने तोच मागितला. बाबांनी तो उलटा करून तिच्या हातात दिला. आत कागदाचे थर होते, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी चिकटवलेली आणि कपाळाच्या जागी घामाचा काळा डाग. मिलिंदने कॅमेरा सुरू केला. ती बघत राहिली. डोळ्यांच्या भोकांतून उजेड येत होता. तो बघायला तिने सोंग जरा वर उचललं. मग आणखी जरा. आणि काय झालं कळायच्या आत तिचा चेहरा आत गेलासुद्धा.

‘‘अगं बाई!’’ चिमणाबाई ओरडल्या. ‘‘उभा राहिला की!’’

कापिंगा आतून फ्रेंचमध्ये विचारत होती, ‘‘काढू का? काढू?’’ मी ओरडले, ‘‘हलू नकोस!’’ ओटीसमोर माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, येताळ बाईच्या तोंडाला कधी लागला नाही, हे बरं नाही. दुसरा म्हणाला, मग मधेच काढणं बरं का? सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मग म्हणाले, ‘‘माझ्या घरात कोण उभं राहीना. ह्यो आपला आपण उभा राहिला. बाई का बाप्या, ते त्यो बघंल. सांबळ आणा.’’

सांबळ (काठ्यांनी वाजवायचं जोडवाद्य) आलं. पहिला ठोका पडला आणि वेताळ दचकून घराच्या दाराकडे वळला. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, ढोल वाजला की आत पळायचं, हे तिच्या पायांत होतं. पण दारादारांतून पाड्यातल्या बायका बाहेर येत होत्या. चिमणाबाईंनी तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, दंडाला धरलं आणि म्हणाल्या, ‘‘चल बाय. पाय उचल.’’

हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

बाबा पुढे गुडघे धरत ताल दाखवत होते आणि ती मागून पावलं टाकत होती. आधी चुकत, मग कमी चुकत. वाघदेवाच्या दगडापर्यंत गेली आणि ओटीपर्यंत परत आली. तिथे बाबांनी दोन्ही हातांनी सोंग उतरवलं. कापिंगा घामाने न्हाली होती आणि लहान मुलीसारखी हुंदके देत होती. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

जाताना तिने माझ्यामार्फत विचारलं, हे सिनेमात दाखवू का. बाबा म्हणाले, ‘‘माझ्या बापाचं तोंड होतं ह्यात, मंग माझं, आता तुझं. तुझंच तोंड दाखवायला मला कशाला इचारतीस?’’ एवढं बोलून ते वळले आणि वेताळाचे पोपडे काढायला बसले. शेजारी लाल रंगाचा डबा उघडून ठेवला होता.

परत नाशिक रोडला गाडीची वाट बघत आम्ही ते चित्रण पाहिलं. मिलिंद धावत होता, त्यामुळे सगळं हललेलं होतं. तो बिचारा माफी मागायला लागला.

‘‘असंच राहू दे,’’ कापिंगा म्हणाली. तिने पुन्हा तोच भाग लावला, सांबळ वाजतं आणि वेताळ दाराकडे वळतो तो. मग माझा हात धरून म्हणाली, ‘‘या वेळी ढोल वाजला आणि मला कुणी आत जा म्हणालं नाही.’’

गाडी आली. मी तिची पिवळी बॅग चढवून दिली.

मी पुण्याला परतले. होळीच्या दुसऱ्या दिवशी मिलिंदने फोटो पाठवला. गोविंदबाबांच्या ओटीवर वेताळ लालभडक रंगवून भिंतीला टेकवला होता. खाली त्याने लिहिलं होतं, ‘‘बाबा विचारतायत, बाई पुढच्या होळीला ह्याला नाचवायला येणार ना?’’ मी ते फ्रेंचमध्ये करून लगेच कापिंगाला पाठवलं.

उत्तरात तिने फक्त विचारलं, ‘‘गुडघ्यांसाठी आतापासून काय करू?’’