एकानं वर, एकानं खाली

हिरेमठकाका आमच्या गल्लीतून चालायचे ते उजवा हात किंचित पुढे धरून. समोरून कोणी आलं की लांबूनच सांगायचे, "मी माझ्या उजवीकडं, तुमी तुमच्या." भाजीवालीला तसं, म्हशीलाही तसंच. सगळी नोकरी विमानतळाच्या मनोऱ्यात, विमानांना एकमेकांपासून लांब ठेवण्यात गेलेली. निवृत्त होऊन सोलापुरात आले, पण सवय सुटली नाही.

"काका, एवढं मोठं आभाळ. विमानं धडकतात कशी?" मी एकदा विचारलं.

"तम्मा, आभाळ मोठं असतंय, वाटा त्याच असतात की." घर कन्नड, त्यामुळे मी कायम त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

खरा धाकटा भाऊ मी दादाचा. दुसऱ्याच्या मागावर राबून मी अक्कलकोट रोडला स्वतःचा टॉवेलचा कारखाना काढला. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. पण दादानं वास्तुशांतीचं आमंत्रण स्वतः न येता कामगाराच्या हाती धाडलं आणि मी बोलणं तोडलं. अजूनही म्हणतो, ही रीत नव्हे.

एका पाडव्याला बायकोनं फार लावून धरलं, म्हणून दोघं फराळाचा डबा घेऊन दादाकडे गेलो. तर दाराला कुलूप! सणाच्या दिवशी! तणतणत परतलो, तर शेजारच्या पायरीवर काका पोट धरून हसत बसलेले.

"तुझा दादा येऊन गेला, वहिनीला घेऊन. तुझं कुलूप बघून म्हणाला, मला बघूनच पळाला असंल! दोघंबी एकदमच वर चढलात की रे! समोरासमोर आली की विमानातली यंत्रं आधी एकमेकांशी बोलतात. एक म्हणतंय मी वर, दुसरं म्हणतंय मग मी खाली. नुसतं मन चांगलं असून भागत न्हाय."

बायकोच्या फोनवरून त्यांनी लगेच दादाला गाठलं. "घरातच बसायचं. हलायचं न्हाय." मग माझ्याकडे वळून, "तू जा."

"मीच का? चूक त्याची."

"विमानानं असं विचारलं तर संपलंच."

मी घासाघीस सुरू केली. "बरं, निम्म्या वाटेत भेटतो. चौकात."

"निम्म्या वाटेतच धडकतात, तम्मा!"

गेलो. दादा चपला घालून दारात उभा, हातात कुलूप.

"काकांनी बस म्हटलंय न्हवं?" मी ओरडलो.

"मग लवकर यायचं की!" तो त्याहून मोठ्यानं.

कित्येक दिवाळ्यांनी आम्ही तोंडावर भांडत होतो. वहिनीनं दोघांना आत ओढलं आणि पुढ्यात चकल्या ठेवल्या.

काका यंदा गेले. "मीच का?" हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारत राहिलो. आजारपणात एकदा वैतागून म्हणाले, "जो ऐकंल अशी खात्री असती, त्यालाच जा म्हणायचं असतंय."

त्यावर भाव कसा करायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.