गणपतीच्या उंदराची पावलं

"वर्गातल्या गणपतीचा उंदीर रात्री खोड्या करतोय, बघायला ये," असा सुनंदाचा फोन आला आणि मी पिशवी भरली. सुनंदा माझी आतेबहीण, कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत शिकवते.

पुण्याहून एसटीने सोलापूर रस्ता धरायचा, भिगवणला उतरून राशीनमार्गे कर्जत. बायकांना अर्धं तिकीट. भिगवणला मासळी खायची असते, पण गणपतीचे दिवस म्हणून मी मिसळीवर भागवलं. राशीनपुढे कणसावर आलेली बाजरी खिडकीच्या इतकी जवळ येते की हात लावावासा वाटतो.

पोचले तेव्हा शाळा सुटली होती. सुनंदा रोज मुलं गेली की उंदराची एक खोडी मांडून ठेवते. कधी खडू गायब, कधी घंटेला रिबीन. सगळा खटाटोप पहिलीतल्या आरोहीसाठी. जूनपासून ती उंबऱ्यावरच बसते, आत येत नाही.

"दिवाळीपर्यंत नाही रमली तर घरचे शाळा सोडवणार," सुनंदा म्हणाली.

आम्ही करंगळीने तांदळाच्या पिठाची इवलाली पावलं काढली, उंबऱ्यापासून गणपतीमागच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे लाडवांचा डबा ठेवला. पावलं वाऱ्याने उडू नयेत म्हणून पिठात गुळाचं पाणी घालायची कल्पना माझी.

सकाळी कुलूप काढलं तर पावलं नव्हतीच. मुंग्यांची लांबलचक रांग होती.

"उंदीर दीड दिवसाचाच हुता वाटतं," चौथीतली श्रावणी म्हणाली. पोरं हसली. सुनंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आरोही मात्र उंबऱ्यावरून वाकून रांग न्याहाळत होती. मग ती गुडघ्यांवर आली आणि पिठाचा कण ओढणाऱ्या एका मुंगीमागे रांगत निघाली. सतरंजीच्या कडेने थेट कोपऱ्यापर्यंत.

"बाई, उंदराचं घर हितं हाय. मुंग्यास्नी जेवाया बोलावलंय त्यानं."

"आगं, तू आत आली की," श्रावणी म्हणाली.

आरोहीने वळून उंबऱ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे.

"लाडू मी वाटू?"

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ती आत, खिडकीपाशी बसली होती.

घरी पोळ्या करताना सहज ओट्यावरच्या पिठात करंगळीने दोन पावलं उमटवली. कॉलेजात जाणारा मुलगा पाणी प्यायला आला.

"आई, घरात उंदीर झालाय."

"बघ ना."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, गरम पोळी उचलली, आणि जाता जाता तिसरं पाऊल उमटवून गेला.