बाळकृष्णावर रोखलेली तोफ

आमच्या कोरियन साहेबांनी मला पितळी कासव दिलं, तेव्हा माझं कॉन्ट्रॅक्ट संपायला दोन महिने होते आणि लेकीच्या दहावीच्या परीक्षेला चार. तेवढी परीक्षा होईपर्यंत दोह्यात टिकायचं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. एरवी साहेब चहालाही विचारत नसत. त्यांनी दोन्ही हातांनी भेट दिली म्हणजे रिन्यूअल पक्कं, असं मी घरी येताना गाडीतच ठरवून टाकलं.

बायकोने मला काही विचारलंच नाही. देवळात असतं तसं देवाकडे तोंड करून कासव देव्हाऱ्यासमोर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्याचं डोकं ड्रॅगनचं होतं आणि कडेने वल्ही निघाली होती, याकडे आम्ही दोघांनीही काणाडोळा केला. परदेशी कासव, असेल तसं. "बाबा, दॅट्स अ वॉरशिप," लेक म्हणाली. दहावीतल्या मुलीचं कोण ऐकतं?

दहा दिवसांनी साहेबांना अल थुमामातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. हेतू अर्थातच शुद्ध नव्हता. हात धुवायला जाताना त्यांना देव्हारा दिसला आणि ते थबकले. मग अर्धा तास इतिहास. सोळाव्या शतकात जपानी आरमार चालून आलं, तेव्हा या कासवनौकांनी त्याची दाणादाण उडवली. वर छप्पर, छपरावर खिळे आणि खिळ्यांवर गवताच्या चटया. शत्रूने उडी मारली की संपलाच. छपराला खरोखर लोखंडी पत्रा होता का, यावर त्यांचे विद्वान अजून भांडतात, हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. तोफ ड्रॅगनच्या तोंडातून डागत. आमच्या घरी ती दहा दिवस बाळकृष्णावर रोखलेली होती.

पुरणपोळीवर तूप मी स्वतः वाढलं आणि जरा लाडात येऊन विचारलं, अशी भेट सगळ्यांनाच देता का?

"नाही, फक्त जाणाऱ्यांना," साहेब म्हणाले. "घरी सुखरूप पोहोचावं म्हणून. पत्र रविवारी ऑफिस उघडलं की मिळेल. मला वाटलं, तुम्हाला समजलं असेल."

लेकीकडे बघायची हिंमत झाली नाही. बायकोने तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि शांतपणे मला म्हणाली, "म्हणजे दहा दिवस आपण निरोपाची पूजा करत होतो."

त्या काय म्हणाल्या, असं साहेबांनी विचारलं. आणखी एक पोळी घ्या म्हणतेय, मी सांगितलं.

त्यांनी आनंदाने घेतली. लेक भरल्या ताटावरून उठून गेली.