गुरूचा रिकामा रकाना

चंदनसारचे पेटीवाले काका नसते, तर विद्यापीठात गाणं शिकायचा अर्ज मी भरलाच नसता. काका मूळचे अर्नाळ्याचे, हार्मोनियम दुरुस्त करतात. मी हिंगोलीची, नववीत शाळा सुटलेली. इथे एका आजींना सांभाळायच्या नोकरीत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आधी दहावी, मग बारावी झाले.

आजींची पेटी दुरुस्तीला नेली, तेव्हा दुकानात मोबाईलवर ऐकलेलं गाणं सहज गुणगुणले. मान वर न करता काका म्हणाले, “बाय, मोबाईलमधल्या बाईच्या पट्टीत कशाला किंचालतेस? तुझा गला खालचा हाय.” त्यांनी मला काळी पाचवरून खाली, काळी दोनच्या पट्टीत आणलं. मग रोज दुपारी ते पेटीतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या कानशीने घासत आणि मी गात असे. माझा सूर चुकला की त्यांची कानस थांबायची. कौतुक मात्र कधीच नाही.

अर्जात ‘गुरूचे नाव’ असा रकाना होता. काका चिडलेच. “माझं नाव नको लिवू. मी पेट्या दुरुस्त करतो, गानं शिकवत नाय!” रकाना रिकामाच गेला. प्रवेश परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “कोणाकडे शिकलात?” “आधी गाते,” मी म्हणाले आणि काळी दोन धरली.

काल यादी लागली. तिच्यात माझं नाव आहे! धावत जाऊन काकांना सांगितलं, तर कानस थांबली. चूक नसताना पहिल्यांदाच.

काका, एक दिवस भर मैफलीत, तुम्हाला पुढे बसवून, माझे गुरू म्हणून तुमचं नाव घेईन. तेव्हा कसे नाही म्हणता, तेच बघते.